कांद्याची पेशी मोजून पाहताना

आठवी-नववीतल्या मुलाला विचारा, पेशी केवढी असते. उत्तर ठरलेलं असतं: "डोळ्यांना दिसत नाही एवढी." परीक्षेत याला गुण मिळतात, पण पेशीबद्दल यातून काहीच कळत नाही. रक्तातली तांबडी पेशी डोळ्यांना दिसत नाही आणि कांद्याची पेशीही दिसत नाही. पण कांद्याच्या एका पेशीच्या लांबीत तांबड्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर चाळीसेक बसतात. आणि फलन न झालेल्या कोंबडीच्या अंड्यातला अख्खा पिवळा बलक म्हणजे एकच पेशी! ती तर आपण रोज ताटात बघतो.

मी इंदूरमध्ये शाळेत जीवशास्त्र शिकवतो. इथल्या मराठी घरांतली मुलं हे सगळं हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि घरी आजीने "आज प्रयोगशाळेत काय केलंस रे?" असं विचारलं की अडतात. हा लेख त्या मुलांसाठी, त्यांच्या आई-आजोबांसाठी आणि सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या माझ्या शिक्षक मित्रांसाठीही आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पेशी नुसती दाखवू नये, मुलांकडून ती मोजून घ्यावी. आकडा हाती आला की बाकीचं बरंच आपोआप जागेवर बसतं.

हे काही मी नव्याने सांगत नाही. 1665 साली लंडनमध्ये रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्यातल्या रिकाम्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं, इथवर सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. पण त्याने ते कप्पे मोजलेही होते. एक इंच लांबीत 1080 कप्पे, म्हणून एका चौरस इंचात 11 लाख 66 हजार 400 आणि एका घन इंचात सव्वाशे कोटींहून जास्त, असा हिशेब त्याने मांडला. 25.4 मिलिमीटरला 1080 ने भागून बघा. एक कप्पा साधारण 0.0235 मिलिमीटरचा निघतो, म्हणजे साडेतेवीस मायक्रोमीटर. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर. पेशींच्या जगात याच मापाने बोलतात.) साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंगातून काढलेला हा आकडा आजही चुकीचा वाटत नाही. मुलांना हुकचं नाव आणि साल पाठ करायला लावण्यापेक्षा हा भागाकार फळ्यावर करायला लावणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आता सूक्ष्मदर्शकाकडे येऊ. त्यात भिंगांचे दोन संच असतात. वस्तूजवळचं ते वस्तुभिंग, त्यावर 4, 10, 40 असे आकडे कोरलेले असतात (शाळांतल्या बऱ्याच यंत्रांवर 40 ऐवजी 45 असतो). डोळ्याजवळचं ते नेत्रभिंग म्हणजे आयपीस, बहुधा 10 चं. वस्तुभिंग नळीच्या आत वस्तूची मोठी आणि उलटी प्रतिमा तयार करतं आणि आयपीस ती प्रतिमा आणखी मोठी करून दाखवतं. म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा: 10 गुणिले 40, म्हणजे 400 पट.

प्रतिमा उलटी असते हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी पहिल्या दिवशी कांदा नको, वर्तमानपत्र घ्या. बारीक छपाईतलं एक अक्षर, समजा 'ग', कापून काचपट्टीवर सरळ ठेवा आणि सर्वांत लहान भिंगातून बघा. शिरोरेषा खाली गेलेली दिसते आणि डावीकडचं उजवीकडे. काचपट्टी उजवीकडे सरकवली की अक्षर डावीकडे पळतं. मुलं पहिली पाच मिनिटं पट्टी नेमकी उलट दिशेला ढकलत राहतात, मग हाताला सवय होते. शिवाय घरी ठळक आणि सलग वाटणारी शाई इथे कागदाच्या तंतूंवर तुटक तुटक बसलेली दिसते. सूक्ष्मदर्शक काय करतो, हे या एका अक्षरात मुलांना कळतं.

मग मोजणी. कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या आणि तिची मिलिमीटरची कड 4 च्या भिंगाखाली ठेवा. जो उजळ गोल दिसतो त्याच्या बरोबर मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, किती मिलिमीटर मावतात ते मोजा. एक गोष्ट सांभाळावी लागते. पट्टीवरची रेघ इथे चांगली जाडजूड दिसते, म्हणून एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत एक मिलिमीटर धरायचा. बहुतेक यंत्रांत या गोलाचा व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. भिंग जितक्या पटीने मोठं तितक्या पटीने हा गोल लहान होतो. म्हणजे 4 च्या भिंगाला 4.5 मिलिमीटर, तर 10 च्या भिंगाला 1.8, आणि 40 च्या भिंगाला 0.45 मिलिमीटर, म्हणजेच 450 मायक्रोमीटर. हे तीन आकडे कागदावर लिहून यंत्राच्या पायाला चिकटवून टाका. आता तुमचा सूक्ष्मदर्शक मोजपट्टी झाला.

कांदा चोइथराम मंडीतला असो की घरच्या टोपलीतला, ताजा हवा. चार फोडी करा, एक जाड पाकळी सुटी करा आणि तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढा. तो ओल्या पारदर्शक कागदासारखा अलगद निघतो. नखाएवढा तुकडा पुरे. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो सुरकुती न पडता पसरवा. घडी पडली की पेशींवर पेशी चढतात आणि काही उमगत नाही. वर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब; प्रयोगशाळेत नसेल तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाणी घालून पातळ करा. मग कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच. ती सपाट टाकायची नाही. तिची एक कड थेंबाला टेकवा आणि दुसरी कड सुईच्या आधाराने हळूहळू खाली येऊ द्या. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि मग हमखास कुणीतरी ओरडतं, "सर, मला पेशी सापडली, एकदम गोल आहे!" जाड काळी कड, आत लख्ख रिकामं आणि आकार कंपासने काढल्यासारखा दिसला तर तो बुडबुडा. कांद्याची पेशी गोल नसते.

बघायची सुरुवात नेहमी लहान भिंगाने करायची. भिंग खाली आणताना डोळा आयपीसला लावायचा नाही, बाजूने बघायचं. ते काचपट्टीच्या अगदी जवळ आलं की मग आयपीसमधून बघत मोठ्या स्क्रूने ते पट्टीपासून दूर न्यायचं. असं केलं की भिंग काचेवर आदळायची भीतीच उरत नाही. 40 च्या भिंगातून नेमकं दिसायला लागतं तेव्हा त्याच्यात आणि काचेत मिलिमीटरभरही अंतर नसतं, म्हणून तिथे फक्त छोटा स्क्रू फिरवायचा. हा नियम कागदावर सगळ्यांना पाठ असतो. हाताला तो लागेपर्यंत शिक्षकाने शेजारी उभं राहावं.

प्रकाशाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते शाळेतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. "काही दिसत नाही" म्हणणारं मूल बहुधा फार जास्त उजेडात बघत असतं. कांद्याची पेशी जवळजवळ पूर्ण पारदर्शक असते. साधारण 0.3 मिलिमीटर लांबीची वस्तू खरं तर चांगल्या नजरेला जाणवायला हवी, कारण वाचायच्या अंतरावरून माणसाचा डोळा 0.1 मिलिमीटरपर्यंतचं वेगळेपण टिपू शकतो. तरीही ती दिसत नाही, कारण उजेड तिच्यातून सरळ निघून जातो. मंचाखाली उजेड कमी-जास्त करणाऱ्या डायफ्रॅमची छोटी दांडी असते. ती थोडी बंद करा. उजेड कमी होतो आणि पेशींच्या भिंती एकदम उठून दिसतात. अगदी बंद केली तर बारकावे पुसट होतात. मधली जागा प्रत्येकाने आपापली शोधायची. आयोडीन हेच काम दुसऱ्या वाटेने करतं: ते केंद्रकाला, म्हणजे पेशीचं कामकाज चालवणाऱ्या भागाला, पिवळट तपकिरी करतं, म्हणून तो ठिपका दिसतो. आरशाचं यंत्र असेल तर तो खिडकीतल्या आकाशाकडे वळवा, सूर्याकडे कधीच नाही. भिंगांतून एकवटलेलं ऊन डोळ्याचं कायमचं नुकसान करू शकतं. मे महिन्यातल्या माळव्याच्या दुपारी तर एलईडीचा दिवा लावलेलाच बरा.

आता 10 च्या भिंगाखाली एका ओळीत, टोकाला टोक लागून, किती पेशी मावतात ते मोजा. समजा सहा मावल्या. गोल 1.8 मिलिमीटरचा, म्हणून एक पेशी 0.3 मिलिमीटरची, म्हणजे 300 मायक्रोमीटर. शेजारच्या बाकावर पाच येतील, कुठे आठ. ते बरोबरच आहे. पाकळी बदलली, कांदा बदलला की पेशीही लहानमोठ्या होतात. वर्गाचे सगळे आकडे फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा.

चित्र काढतानाही हा आकडा कामी येतो. मुलं वहीत पेशी काढतात आणि खाली '400 पट' लिहितात, कारण भिंग तेवढ्याचं होतं. पण वहीतलं चित्र भिंग ठरवत नाही. वहीत पेशी 6 सेंटिमीटर लांब काढली असेल आणि खरी पेशी 0.3 मिलिमीटर असेल, तर 60 भागिले 0.3, म्हणजे चित्र 200 पट मोठं आहे. तेवढंच लिहायचं. आणि जे दिसलं तेच काढायचं. पुस्तकातल्या चित्रात केंद्रक ठसठशीत मध्यभागी असतं. तुमच्या कांद्यात ते बहुतेक वेळा भिंतीला चिकटून बसलेलं दिसेल, कारण पेशीची मधली जवळजवळ सगळी जागा पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने अडवलेली असते. काही पेशींत केंद्रक दिसणारच नाही. छोटा स्क्रू किंचित फिरवा, त्यातली काही वर येतील: पेशीला जाडी असते आणि एका वेळी तिचा एकच थर स्पष्ट दिसतो. उन्हावर अन्न तयार करणारे हिरवे कण, म्हणजे हरितलवक, शोधतही बसू नका. कांद्याची पाकळी म्हणजे जमिनीखाली वाढलेलं पानच, पण त्याला ऊन कधी मिळालेलंच नसतं. त्याच टेबलावर बटाट्याचा अगदी पातळ काप आयोडीनखाली ठेवा. चिप्ससाठी नावाजलेला आपला माळवी बटाटा निळ्या-काळ्या स्टार्चच्या कणांनी गच्च भरलेला दिसतो. कांद्यात एकही निळा कण नसतो, कारण कांदा आपला साठा स्टार्चच्या रूपात ठेवत नाही.

माझा सर्वांत आवडता प्रयोग लाल कांद्याचा आहे. यात रंग घालावा लागत नाही. या वेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा घ्या. जांभळा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो, म्हणून पेशी काठोकाठ रंगलेली दिसते. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा (अर्ध्या कपाला चमचाभर मीठ) आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद साधं पाणी ओढून घेतो आणि खारं पाणी आत शिरतं. डोळा आयपीसवरच ठेवा. काही मिनिटांत जांभळा भाग एका कोपऱ्यातून भिंतीपासून सुटायला लागतो, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, आणि शेवटी पेशीच्या मधोमध आक्रसलेला जांभळा गोळा उरतो. भिंत मात्र होती तिथेच उभी. पेशीतलं पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे निघून गेलं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते याच कारणाने. पुन्हा साधं पाणी ओढून घेतलं तर बऱ्याच पेशी परत फुगतात.

हा प्रयोग मला एवढा महत्त्वाचा का वाटतो? कारण भिंतीच्या आत एक पातळ पटल असतं, हे पुस्तकात वाचून मुलं चित्रात दोन रेघा काढतात आणि दुसऱ्या रेघेला 'प्रद्रव्यपटल' असं नाव देतात. ते पटल या यंत्रातून दिसूच शकत नाही. त्याची जाडी मायक्रोमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. पण जांभळा गोळा आक्रसताना रंग बाहेर सांडत नाही, आणि मीठ भिंत ओलांडून थेट त्या गोळ्याच्या कडेपर्यंत येतं. म्हणजे रंग अडवणारं काहीतरी त्या कडेवर आहे. न दिसणारी गोष्ट तर्काने कशी पकडायची, हे नववीच्या मुलाला याहून चांगलं शिकवणारं साधन मला माहीत नाही.

मग प्रश्न येतोच: आणखी मोठं आयपीस लावलं तर पटल दिसेल का? नाही. इथे अडचण भिंगाची नाही, प्रकाशाचीच आहे. 1873 मध्ये जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आबेने दाखवून दिलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू सूक्ष्मदर्शक वेगळे दाखवू शकत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर, म्हणून तेल लावून वापरायच्या 100 च्या उत्तम भिंगालाही 0.2 मायक्रोमीटरच्या आसपास थांबावं लागतं. चुना मारायच्या कुंचल्याने तांदळाच्या दाण्यावर अक्षरं लिहिता येत नाहीत, तसंच हे. त्यापुढे आकार वाढवला तर चित्र मोठं होतं, पण नवं काही दिसत नाही. पुस्तकातल्या पेशीच्या चित्रात रायबोसोम, पटलांच्या घड्या, तंतुकणिकांच्या आतली रचना असं सगळं एकत्र दाखवलेलं असतं. त्यातलं बहुतेक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडलं, आणि तो 1931 नंतरचा आहे. ही गोष्ट मुलांना तासाच्या सुरुवातीलाच सांगावी, नाहीतर ती आपलीच नजर कच्ची समजतात.

हुकने कप्पे पाहिल्यापासून 'सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात' असं ठामपणे म्हणायला पावणेदोनशे वर्षं लागली, त्यामागेही भिंगंच होती. जुन्या भिंगांतून वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसायची. 1830 मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने (जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेल्या डॉक्टर लिस्टरच्या वडिलांनी) ती झालर आणि धूसरपणा दोन्ही कमी करणारी रचना मांडली. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राउनने केंद्रकाला नाव दिलं, 1838 आणि 1839 मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी पेशी सिद्धांत मांडला, 1855 मध्ये फिरशोने पेशी पेशीपासूनच होते असं म्हटलं. साधी, एकाच भिंगाची वाटही होती. डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक स्वतः घासलेल्या मण्याएवढ्या भिंगांतून बघायचा. त्याचं आज शिल्लक असलेलं सर्वांत ताकदवान भिंग सुमारे 270 पट मोठं दाखवतं. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी 2014 मध्ये जगापुढे आणलेला कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, त्याच तत्त्वावर चालतो आणि 140 पट मोठं दाखवतो. ज्या शाळेत यंत्र नाही तिथे तो मागवावा.

गालाच्या पेशींबद्दल थोडक्यात. प्रत्येकाने आपलीच नवी, स्वच्छ टूथपिक घ्यायची, गालाच्या आतून हलकेच फिरवायची, वापरल्यावर लगेच टाकून द्यायची आणि काचपट्टी ब्लीचच्या पाण्यात बुडवायची. मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या थेंबात वेड्यावाकड्या कडांच्या चपट्या पेशी आणि त्यांची गडद निळी केंद्रकं दिसतात. 40 च्या भिंगाखाली हिशेब केला तर एक पेशी 50-60 मायक्रोमीटरची निघते. भिंत नाही, ठरलेला आकार नाही. तिच्यावर क्वचित अगदी बारीक निळे ठिपके दिसले तर ते तोंडातले जिवाणू, एकेक साधारण 1 मायक्रोमीटरचा. देवगुराडियाच्या प्लांटमध्ये आपल्या शहराच्या ओल्या कचऱ्याचा सीएनजी करण्याचं काम एवढ्याच आकाराचे जीव करतात.

तलावाचं पाणी हा मुलांच्या खास आवडीचा भाग. इंदूरचा सिरपूर तलाव 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे, तिथे पक्षी बघायला जरूर जा. पाणी मात्र घरच्या कमळाच्या टाकीतलं किंवा पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परळातलं, तळाच्या हिरव्या गाळासकट घ्या. थेंबात कापसाचे दोन-चार धागे टाका, म्हणजे पळणारे जीव जरा अडतात. नशीब असेल तर पॅरामेशियम दिसतं, चपलेच्या तळव्याच्या आकाराचं, पाव मिलिमीटरच्या आसपास: एकच पेशी, तीच खाते, तीच पोहते, तीच दुभंगून दोन होते. त्याच थेंबात जवळपास तेवढाच रोटिफर असतो, डोक्यावर केसांची दोन फिरती चक्रं असल्यासारखा. त्याच्या शरीरात सुमारे हजार पेशी असतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रिला या पाणवनस्पतीचं एक पानही ठेवून बघा. ते दोनच पेशी जाडीचं असतं, कापावं लागत नाही. दिव्याच्या उजेडात थोडा वेळ राहिलं की हिरवे हरितलवक भिंतीच्या कडेने एकामागून एक फिरताना दिसतात. एक हरितलवक पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला किती सेकंद घेतो ते घड्याळ लावून मोजा. लांबी माहीत आहे, वेळ कळला, म्हणजे वेगही काढता येतो.

यंत्राची काळजीही मुलांनाच घेऊ द्या. आयोडीन किंवा खारं पाणी 40 च्या भिंगाला लागलं तर लगेच पुसायचं, पण रुमालाने किंवा शर्टाच्या टोकाने नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग भिंगाच्या कागदाने अलगद टिपायचं. पावसाळ्यात लाकडी पेटीत बंद ठेवलेल्या भिंगांवर बुरशी धरते आणि तिचे धागे काचेवर कायमचे उमटतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, तिचा रंग उतरला की कढईत गरम करून पुन्हा वापरा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.